पिठातली उलटी पावलं

१

लॅमस या सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजता, ऑड्री ट्रेव्हॅनियनच्या पेटीतून तेगेनचं माप नाहीसं झाल्याचं कळलं. हेस्टर नॅन्किव्हेलला ते ऐकून आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

हेस्टर अडुसष्ट वर्षांची. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या रानांतली दगडी कुंपणं रचण्यात तिची हयात गेली होती. पोल्गारेक गावच्या मंडळात ती चाळीस वर्षं होती. मंडळ म्हणजे नऊ माणसं, जुन्या देवीला आणि शिंगवाल्या देवाला मानणारी, वर्षाचे आठ सण पाळणारी. गाव त्यांना चेटके म्हणायचं. तेही स्वतःला चेटकेच म्हणायचे, फक्त मान ताठ ठेवून. त्यांचा नियम एकच होता: कुणाला इजा होत नसेल, तर मनाला येईल ते कर.

मंडळात येणाऱ्याचं माप घेतात. लाल दोरा डोक्यापासून टाचेपर्यंत ताणायचा, कपाळ, काळीज आणि कंबर या तीन जागी गाठ मारायची, आणि तो थोरलीच्या हवाली करायचा. ज्याचं माप पेटीत, तो मंडळाचा. सोडून जाणाऱ्याला त्याचं माप परत मिळतं. आणि एका देहाला माप एकच. हरवलं म्हणून दुसरं घेता येत नाही.

ऑड्री ही थोरली. सत्त्याहत्तर वर्षांची, दोन वाक्यांनंतर धाप लागणारी. उद्या लॅमसला, नव्या गव्हाचा पहिला पाव मोडून, ती आपली जागा तेगेनला देणार होती. तेगेन एकोणतीस वर्षांची, मडकी घडवणारी. मंडळात येऊन तिला सहा वर्षं झाली होती. चाळीस कुठे आणि सहा कुठे! हे गणित हेस्टरने गेल्या महिनाभरात बऱ्याचदा केलं होतं.

"माझं माप पेटीत नाही, म्हणजे उद्या मी बसायचं नाही," तेगेन म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नाही बसता येणार," ऑड्री म्हणाली. "आधी इकडे बघा."

ती घरामागच्या दगडी कोठाराच्या दारात उभी होती. मंडळ बसायचं ते याच कोठारात. मधोमध गोल दगडी मेज. दार पूर्वेला, आणि दारातून शिरलं की डाव्या हाताला, दक्षिणेच्या भिंतीत, पेटीचा कोनाडा. दारापासून पुरती तीन पावलं. पहाटे पेरन भटारी इथे बसून लॅमसचं पीठ चाळून गेला होता आणि काळ्या फरशीवर पिठाचा पातळ थर बसला होता. त्या थरात अनवाणी पावलं उमटली होती.

पावलं दारातून आत शिरून डावीकडे वळली नव्हती. ती उजवीकडे वळली होती. मेज डाव्या हाताला ठेवून उत्तर, मग पश्चिम, असा सगळा वळसा घालून ती कोनाड्याशी पोचली होती आणि तिथून दाराबाहेर पडली होती. पुरी प्रदक्षिणा, पण उलटी.

मंडळात सगळं सूर्याच्या चालीने होतं. कोठारात झाडू घ्यायला शिरलं तरी मेज उजव्या हाताला ठेवून पुरा फेरा मारूनच बाहेर पडायचं. उलटा फेरा मारतात तो शाप देताना.

"उलटी!" पेरन म्हणाला, आणि सगळ्यांनी एकदम इमोजेनकडे, मंडळातल्या सगळ्यात नव्या मुलीकडे, पाहिलं. तिच्या तोंडाकडे नाही, पायांकडे.

हेस्टर गुडघे धरत खाली बसली आणि तिने फरशीला गाल टेकवला. दगडाची खोट शोधताना ती असंच बघायची. दाराजवळच्या पावलाला तिने वीत लावून पाहिली. माग सारखा नव्हता. चार जागी, चार दिशांना, दोन्ही पावलं जवळजवळ ठेवलेली होती. चालणारं माणूस तिथे थांबलं होतं. ते तिने पाहिलं, आणि काही न बोलता ती उठली.

"इमोजेन," ऑड्री म्हणाली, "आज सूर्य मावळायच्या आत तू माझं घर सोड."

२

इमोजेन बावीस वर्षांची होती. तिच्या खोलीत देवीची मूर्ती सापडली म्हणून आईने तिला घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून ती ऑड्रीच्या माडीवर राहायची. ऑड्रीची औषधं तीच द्यायची, रात्री उशी तीच उंच करायची. हे घर सुटलं तर तिला दुसरं घर नव्हतं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी बघते काय ते," हेस्टर सगळ्यांना म्हणाली. म्हणाली खरी, पण लगेच निघाली नाही. दहा वाजेपर्यंत ती अंगणात नुसतीच दगडांवर दगड ठेवत बसली. मग पेरनकडे गेली.

गावातल्या भट्टीवर पेरन गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव थापत होता.

"पेरन, पाय दाखव."

"का? लग्न जमवतेस की काय माझं?"

"दाखव म्हटलं ना."

त्याने बूट काढला. हेस्टरने वीत लावली. वीत संपली तरी चांगला चार बोटं पाय उरला.

"हा पाय आहे की पाव भट्टीत ढकलायचं फळकूट? कोठारातलं पाऊल माझ्या वितीपेक्षा दोन बोटं मोठं. तू नव्हेस."

"म्हणजे तुला संशय होता!"

"मे महिन्याच्या सणाला तेगेनने तुला सगळ्यांदेखत नाही म्हटलं. तेव्हापासून तुझं तोंड शिळ्या पावासारखं आहे."

"आहेच. मला ती दुसऱ्याबरोबर हसताना बघवत नाही." पेरनने पिठावर मूठ आपटली. "पण माझ्या डोक्यात असतं, तर मी तिचा दोरा कशाला चोरेन? ज्याच्याबरोबर फिरते ना, त्या मासेमाराच्या होडीला भोक पाडलं असतं."

"कुणाला इजा होऊ नये, हे शिकलास ना?"

"शिकलो, म्हणून तर होडी अजून तरंगतेय." मग तो जरा वरमला. "सहाला पीठ घेऊन निघालो, तेव्हा फरशीवर एक पाऊल नव्हतं. मी वळून बघितलं होतं. आणि हेस्टर, ती उलटी तिथेच राहते. सहा ते सातमध्ये दुसरं कोण येणार?"

इमोजेन ऑड्रीच्या स्वयंपाकघरात, पुसलेलंच ताट पुन्हा पुसत होती.

"मी एकदाच उलटी फिरले," ती मान वर न करता म्हणाली. "मे महिन्यात. पहिलाच सण होता माझा. पेरन तेव्हापासून मला उलटीच म्हणतो. मला वाटायचं, मायेने म्हणतो."

"मनगटाला काय आहे?"

उजव्या मनगटाला निळी लोकर बांधलेली होती, धुऊन धुऊन विटलेली.

"मेज या हाताला ठेवायचं, म्हणून. कोठारात शिरताना मी आधी हिला हात लावते. मग पाऊल टाकते." तिने ताट खाली ठेवलं. "तुम्हाला सांगून काय उपयोग? आता मी काहीही म्हटलं तरी उलटंच."

हेस्टर तिथेच उभी राहिली. या मुलीने उलटा फेरा मारला असता, तर तो मुद्दाम शाप द्यायलाच मारला असता. आणि शाप द्यायला आलेलं माणूस चार दिशांना थांबत नाही. थांबतात ते नमस्कार करायला.

म्हणजे चोरी करायला आलेल्या कुणीतरी आधी चारही दिशांना मान लववली होती, तीही उलटं फिरत. हे कसलं माणूस?

३

कुंपणापलीकडचं घर ब्रायनीचं. पन्नाशीची बाई, गोड गळ्याची. जन्म पोल्गारेकचाच, पण लग्न होऊन न्यूझीलंडला गेली होती आणि नवरा गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी परत आली. विधीची गाणी मंडळात सगळ्यांना तिनेच शिकवली, तेगेनलासुद्धा.

दुपारी हेस्टर गेली, तेव्हा ती अंगणात घेवडा चिरत बसली होती.

"ये गं. चहा टाकू? सकाळपासून घशाखाली काही उतरलेलं नाही. बिचारी तेगेन!"

"इमोजेन बिचारी नाही?"

"तीही. पण तिचं वय आहे, कुठेही रुजेल."

हेस्टर अंगणातल्या दगडी खांबाला टेकली. त्यावर सावलीचं घड्याळ होतं, ब्रायनीने तिकडून आणलेलं. नऊ वर्षांत हेस्टर त्याला कितीदा तरी टेकली होती, पण वाचलं कधी नव्हतं. अक्षरं आणि आकडे ती बावन्नाव्या वर्षी शिकली, मंडळाची वही स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायची असते म्हणून. अजूनही ती बोट ठेवूनच वाचायची.

तिने बारावर बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकवलं. अकरा. दहा. नऊ.

आपलं काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं. सुरुवातीला तिचे आकडे असेच गडबडायचे. तिने पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा.

"ब्रायनी, कोरणाऱ्याला आकडे येत नव्हते का गं? एक, दोन, तीन डावीकडे जातात."

"बरोबर आहेत ते." ब्रायनी शेंगा चिरता चिरता हसली. "तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो ना. सगळं दुसऱ्या अंगाने. नाताळात आम्ही समुद्रात डुंबायचो, आणि सावली फिरायची ती अशी, डावी..."

सुरी थांबली.

४

हेस्टरने विचारलं, "तिकडच्या मंडळात रिंगण कसं घालायचे?"

"सूर्य जातो तसं." ब्रायनीने सुरी पुसली. "सगळीकडे तसंच घालतात."

"किती वर्षं घातलंस?"

"अकरा." तिने हेस्टरकडे सरळ पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. "तू शहाणी बाई आहेस, हेस्टर. तुझ्याएवढं शहाणं इथे कुणी नाही. चाळीस वर्षं त्या कोठाराची फरशी पुसलीस. गळकं छप्पर शाकारलंस. आणि ऑड्री ती जागा कुणाला देते? परवा आलेल्या पोरीला. तिचे हात सुंदर आहेत म्हणून, ती हसते छान म्हणून."

हेस्टरचं बोट घड्याळाच्या आकड्यांवरच होतं.

"तेगेन बसली नाही, तर नियमाने कोण बसतं?"

"सगळ्यात जुनी."

"म्हणजे तू. उद्या पाव तुझ्या हातात. तुला काही करायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही. फक्त घरी जा आणि गप्प बस."

"आणि इमोजेन?"

"तिला मी चार ठिकाणी शब्द टाकून काम बघून देईन."

हेस्टरला मेजामागची ती उंच पाठीची खुर्ची डोळ्यांपुढे दिसली. आपण तिच्यात कशा बसू, हात कुठे ठेवू, तेगेनने समोर येऊन गुडघे टेकले की कुठे बघू, हे सगळं दिसलं. इतकं स्पष्ट दिसलं, की हे आपण आज पहिल्यांदा बघत नाही, हेही तिला उमगलं. ती खांबापासून दूर झाली आणि फाटकाकडे चालू लागली.

"कुठे निघालीस?" ब्रायनीने मागून विचारलं.

हेस्टरने फाटक उघडलं. कुठे, ते तिला स्वतःलाही अजून ठाऊक नव्हतं.

५

पाच वाजता तिने सगळ्यांना कोठारात बोलावलं. इमोजेन माडीवरून खाली यायला तयार नव्हती. ऑड्री खुर्चीत, तेगेन तिच्या पायाशी, पेरन दाराला टेकून. ब्रायनी सगळ्यात शेवटी आली आणि सगळ्यांसारखी मेज उजवीकडे ठेवून, सावकाश, न चुकता फेरा मारून उभी राहिली.

"बाहेरचा चोर दारातून शिरून तीन पावलांत पेटी उचलेल आणि पळेल," हेस्टर म्हणाली. "आपल्यातला कुणी आला, तरी त्याला सूर्याच्या चालीने पेटी आधी लागते. तो आधी दोरा घेईल आणि मग फेरा पुरा करेल. या माणसाने आधी फेरा घातला आणि मग दोरा घेतला."

"शाप द्यायला," पेरन म्हणाला.

"शाप देणारा दिशांना नमस्कार करतो? सकाळी मी वाकून बघितलं. चार जागी पावलं जोडलेली होती. या माणसाने चोरीसुद्धा रीत पाळून केली. उलटं फिरायचं म्हणून ते उलटं फिरलंच नाही. त्याच्या लेखी ते सुलटंच होतं."

ऑड्रीने भुवया आक्रसल्या. "असं कसं होईल?"

"माझा नवरा गेला, तेव्हा दवाखान्यात माझी सही मागितली. मला लिहिता येऊन दहा वर्षं झाली होती. वहीभर लिहिलं होतं मी. तरी त्या कागदावर मी फुली मारली. हात शिकतो नवं, पण घाबरला की जुन्याकडे धावतो. पायांचंही तेच. जिने पहिला फेरा अशा देशात घातला जिथे सूर्यच या बाजूने फिरतो, ती एकटी असेल आणि छाती धडधडत असेल, तर कशी फिरेल?"

तेगेनला सगळ्यात आधी समजलं. "ब्रायनी?" ती म्हणाली. "तू?"

ब्रायनीने नाही म्हटलं नाही. तिने झग्यात हात घालून लाल दोरा काढला. गुंडाळी नीट होती, गाठी तिन्ही जागच्या जागी.

"मी उलटी फिरले, हे सकाळी तुम्ही सगळे ओरडलात तेव्हा मला कळलं," ती म्हणाली. "नऊ वर्षं पावलं मोजून चालते इथे. एकदा मोजली नाहीत."

"तुला मी काय केलं होतं?" तेगेनचा आवाज फाटला. "गाणी तू शिकवलीस मला!"

"शिकवली. आणि तू माझ्यापेक्षा बरी गायला लागलीस. मला तुझं वाईट नको होतं, पोरी. देवीची आण, दोऱ्याला मी नखसुद्धा लावलं नाही. माझं माप तिकडच्या थोरलीकडे होतं. तिचं घर जळालं, पेटीही जळाली. एका देहाला माप एकच. म्हणजे मी जन्मभर पाहुणी. तुझं माप गेलं असतं, तर तू माझ्याएवढी झाली असतीस. बस, तेवढंच."

"आणि इमोजेनला बाहेर काढत होते, तेव्हा?" पेरनने विचारलं.

ब्रायनीने मान खाली घातली.

ऑड्रीला धाप लागली होती. तिने ती ओसरू दिली आणि मग बोलली. "एक वर्ष आणि एक दिवस मंडळाबाहेर. रीत तशी आहे. बाहेर जाणाऱ्याला त्याचं माप परत द्यायचं असतं. पण तुला परत द्यायला माझ्याकडे तुझं काहीच नाही."

"तेच तर," ब्रायनी म्हणाली.

तिने दोरा तेगेनच्या हातात ठेवला आणि ती निघून गेली. दार हेस्टरने लावलं. मग ऑड्री माडीच्या जिन्याकडे बघत म्हणाली, "माझ्याने चढवणार नाही. तू जा. सांग, म्हातारीने माफी मागितली आहे."

६

इमोजेन पलंगावर बसली होती. पायाशी बॅग, गच्च भरलेली, पट्टा आवळलेली.

हेस्टरने सगळं सांगितलं: पाय, सूर्य, ब्रायनी, दोरा, ऑड्रीची माफी. इमोजेनने ऐकून घेतलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"ब्रायनी आहे, ते दुपारी."

"मी नाही, हे कधी कळलं?"

हेस्टर खोटं बोलू शकली असती. खाली सगळे तिला शहाणी म्हणत होते.

"सकाळी सातला. फरशीवर वाकले तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्यासाठी तोंड उघडलं असतं, तर चोर शोधावा लागला असता. चोर सापडला की दोरा सापडला असता. आणि तो सापडू नये, असं मला वाटत होतं. तेगेनचा हेवा वाटतो मला. आत्ताही वाटतोय. उद्या पाव मोडेल तेव्हाही वाटेल."

"सात ते पाच," इमोजेन म्हणाली. "दहा तास. या दहा तासांत मी ही बॅग दोनदा भरली. पहिल्यांदा काहीच मावेना."

खिडकीबाहेर मेंढ्या ओरडत होत्या. हेस्टर दारातच उभी होती. बस म्हणायची वाट बघत नव्हती. तिला कुणी म्हणणारही नव्हतं.

शेवटी इमोजेनने पायाने बॅग पुढे ढकलली.

"ही मी रिकामी करणार नाही. तुम्ही करा. लोकरीचे वरच्या कप्प्यात, बाकीचे खाली. मी बसून बघते."

हेस्टरने एक हात पलंगाच्या कठड्यावर ठेवला, दुसरा गुडघ्यावर, आणि ती जमिनीवर बसली. पट्टा घट्ट होता. तिने तो सोडवला, वरचा करडा स्वेटर काढला, मांडीवर पसरला, बाह्या आत दुमडल्या.

"घडी चुकली," इमोजेन म्हणाली.

हेस्टरने घडी मोडली आणि पुन्हा घातली.